पहिला घोट

मित्रांनो, दवाखान्याच्या अंगणात तुम्ही ज्या निळ्या पेटीवर बसता ना, ती मीच. बसा, बसा! पण माझा जन्म काही बसण्यासाठी झालेला नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणारी लस माझ्या पोटातून जायची. रवांडाच्या या डोंगरांवर मी ती बारा वर्षं वाहिली आणि एकही कुपी खराब होऊ दिली नाही. अभिमान वाटणारच की!

श्रेय आमच्या नर्सबाईंचं, वेनान्सियाताईंचंही आहे. दगडासारखी गोठलेली बर्फाची पाकिटं त्या कधीच माझ्यात कोंबत नसत. पाकीट कानाशी धरून हलवायच्या, आत पाणी डुचमळलं की मगच ठेवायच्या. ही लस गोठली तरी वाया जाते.

अशा काटेकोर बाईंच्या हातूनही एक चूक झाली. बारा वर्षांच्या सगळ्या मुलींना शाळेतच लस द्यायची, असं सरकारने ठरवलं. शाळेत धांदल होईल म्हणून ताईंनी आपल्या लेकीला, तेताला, आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात सुई टोचली. झालं! रांगेत तेता दिसली नाही आणि ताई स्वतःच्या पोरीला लस देत नाहीत, असा गावभर बभ्रा झाला.

न्यिरामाना नावाची एक आई तरातरा शाळेत आली. तिने आपल्या उमुहोझाला रांगेतून बाहेर ओढलं.

"काय हो ताई, पाहुण्याला केळ्याची दारू देताना पहिला घोट कोण घेतं?"

"देणारा घेतो, विष नाही हे दाखवायला."

"मग तुमची पोर कुठंय?"

"अगं, तिला कालच दिली."

"कुणी पाहिलं? उद्या हिची कूस उजवली नाही, तर तुम्ही नातवंड आणून देणार का?"

"तुझ्या बहिणीला याच आजारानं नेलं ना गं?"

"तिचं नाव काढू नका!" म्हणत ती पोरीला घेऊन निघून गेली. उमुहोझाच्या वाट्याची कुपी माझ्यात तशीच परतली. मला फार वाईट वाटलं.

सहा महिन्यांनी दुसऱ्या डोसाची वेळ आली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सारं गाव मिळून रस्ता दुरुस्त करतं, मग गवतावर सभा बसते. ताईंनी मला तिथेच नेलं आणि सर्वांदेखत तेताची बाही वर केली.

"चूक माझी. पहिला घोट मी चोरून घेतला. आज तुमच्यासमोर घेते."

तेता "आई गं!" म्हणाली आणि हसली.

"घेतला हो घोट! आता पेला पुढे सरकवा!" एक म्हातारा ओरडला आणि सभा खदखदून हसली.

न्यिरामाना तेवढी हसली नाही. तिने हातातली कुदळ बाजूला ठेवली. मग उठली आणि लेकीला पुढे घेऊन आली.

"माझी बहीण तडफडून गेली, ताई. ही तशी जायला नको. टोचा."

त्या दिवशी मी पूर्ण रिकामी होऊन घरी आले. एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आता माझं झाकण तडकलंय, पट्टा तुटलाय. कामाला नवी पेटी आली, मी अंगणात आले. मित्रांनो, जुन्या वस्तूंना लाथा मारू नका. आणि लसीबद्दल शंका आली तर खुशाल भांडा, पण उत्तर मिळाल्यावर रांगेत परत या.

गेल्या आठवड्यात उमुहोझा आली, पाठीशी तान्ही लेक बांधून. सोबत न्यिरामाना, आता केस पिकलेली.

"आई, दमलीस ना? बस की या पेटीवर."

"छे गं! हिच्यावर मी बसू?"

तिने आपल्या वस्त्राच्या टोकाने माझी धूळ पुसली, नातीला अलगद माझ्यावर बसवलं आणि तिला धरून स्वतः शेजारी उभी राहिली.