हवालदाराची हवा

जवळ ये रे, असा परक्यासारखा दारात उभा राहू नकोस; एका चेंडूची गोष्ट सांगतो. खरं तर चेंडूची नाही, त्यातल्या हवेची.

पंपाची सुई... करंगळीच्या पेराएवढी, टोकाशी बारीक छिद्र, मधे गंजाचा ठिपका. वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे सर ती चिमटीत धरून बसले होते, आणि मांडीवर तो जुना चेंडू. अंगठ्यानं दाबला की खळगा पडायचा. गेल्या महिन्यात एवढा पडत नव्हता... म्हणजे हवा जातेय. कपाटात कुलपाआड ठेवला तरी जातेय.

ती हवा हवालदारानं भरलेली. हवालदार म्हणजे पोलीस नव्हे. एक काटकुळं पोर, खेळात यथातथाच, पण रोज सगळ्यांच्या आधी येऊन पंप मारायचं, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. शेवटच्या संध्याकाळीही त्यानंच मारला होता — गुडघ्यांत चेंडू, मग कानाशी नेऊन टिचकी, 'बोलतोय बघा, सर!' — आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणाच्या तरी सभेचे खांब रोवले, खेळ बंद, पोरं गेली खाणीतल्या पाण्यावर पोहायला, आणि त्याच्याविना बाकीची परत आली... तेव्हापासून सरांनी ह्या चेंडूला कुणाचा पाय लागू दिला नाही.

बाहेर गलका झाला. खेळातला चेंडू कुंपणाच्या तारेवर फाटला होता.

"गेला कामातून," गोल राखणारी पोरगी आत डोकावली. तिला सगळे भिंत म्हणत. "दुसरा द्या ना, सर."

"दुसरा नाही."

"मग मांडीवर काय, अंडं उबवताय?"

मागची पोरं खिदळली. त्यातला एक म्हणाला, "चला रे, खाणीवर जाऊ. नाहीतरी उकडतंय."

खाणीवर... इतकं सहज, जसं कोपऱ्यावर जाऊ म्हणावं. सरांना ते हिरवं पाणी दिसलं, काठावरच्या चपला दिसल्या, आणि कुणाच्या ते दिसू नये म्हणून त्यांनी डोळे मिटले — तर चपला आतही होत्या.

त्यांनी सुई टेकवली.

"थांबा! आधी थुंकी लावा, नाहीतर आतलं रबर फाटतं," भिंत म्हणाली. मग हळूच, "हवालदार लावायचा."

सुई जिभेवर... लोखंड, रबर. पंप जोडायचा विसरूनच त्यांनी ती आत सारली — आणि फुस्स... कोमट, शिळी हवा, तळव्यावर. त्यांनी झटकन अंगठा दाबला, जसा एखाद्याच्या तोंडावर हात ठेवावा. अरे थांब ना, एवढ्यात नको... अंगठ्याखाली ती ढकलत होती, बाहेर यायला धडपडत होती.

भिंतीनं पंप पुढे केला. जोडला. दट्ट्या तिनंच मारला.

चेंडू मैदानावर आपटला, टणक. पोरं धावली. सर दारातच. आता त्यात त्याची हवा कुठली आणि हिची कुठली... आणि हा उद्या फाटला तर? प्रत्येक आपटीसरशी छातीत कुणीतरी टिचकी मारत होतं, बोलतोय बघा, बोलतोय... हे थांबावं की चालू राहावं, सरांना कळेना.

तुझ्या दारावर कधी संध्याकाळी चेंडू आपटला, तर बाबा, खेकसण्याआधी एवढं कर: देवाचं नाव घेतोसच, त्याच्या जोडीला हवा भरणाऱ्या त्या पोराचीही आठवण काढ.