चौदाव्या मजल्यापाशी थांबलेली फीत

मी एक व्हिडिओ कॅसेट. माझ्या पोटात ऐंशीच्या दशकातला एक विक्षिप्त प्रेमपट आहे. नायक लिफ्ट दुरुस्त करतो आणि नायिकेला लिफ्टचीच भीती वाटते! थिएटरात तो आठवडाभरही टिकला नाही. पुढच्या प्रतींना लग्नाचा गोड शेवट चिकटवला गेला. मूळ शेवट राहिला तो पहिल्या खेपेच्या आम्हा मोजक्या जणींकडे. संग्राहक आमच्यावर जीव टाकतात ते त्यामुळेच.

कॅसेट लायब्ररीत मला गिऱ्हाईक एकच. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई. दर शनिवारी न्यायची आणि रिवाइंड न करताच परत आणायची. नायक फ्लॉवरचा गड्डा घेऊन चौदा मजले चढतो, धापा टाकत दार वाजवतो, नेमकी तिथे मी थांबलेली असायचे.

"पुढचं का बघत नाही हो?" लायब्ररीच्या मालकाने एकदा विचारलं.

"पुढे तो बोलणार. बोलायला लागले की पुरुष बिघडतात."

त्या दुपारी दुकानाला कुलूप लावून मालकाने मला शेवटपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून तो तिचे जिने चढला. दार उघडताच म्हणाला, "खाली जायचंय का? सोबत येतो."

लग्नानंतर एकतीस वर्षं ती पाहुण्यांना सांगायची, "हे जन्मात एवढं एकच वाक्य धड बोलले, तेही स्वतःच्या मनानं."

लायब्ररी बंद पडली. मी शिवणयंत्राच्या खणात गेले. गेल्या वर्षी मालकही गेला.

परवा सुती हातमोजे घालून एक संग्राहक आला. मला त्याला द्यायचं ठरलं होतं.

"शेवट शाबूत आहे ना, काकू?"

"काय ठाऊक, बाबा. मी कधी पाहिलाच नाही."

त्याने मला लावलं. चौदाव्या मजल्यापाशी माझी झिजलेली फीत थरथरली. दार उघडलं. नायक म्हणाला, "खाली जायचंय का? सोबत येतो."

काकू ओरडली, "अरे लबाडा! एकतीस वर्षं!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"एकदम शाबूत! नेऊ ना?"

"नाही रे. ह्यांच्याशी भांडायचंय अजून. पुरावा हवा."

तो हातमोजे काढून निघून गेला.

संग्राहकांनो, आम्हाला काचेत खुशाल ठेवा, पण कधीतरी शेवटपर्यंत चालवा. कोणी आमच्याकडून काय उसनं नेलंय, ते एरवी कळायचं नाही.

काकूने त्या दिवशी मला पहिल्यांदाच रिवाइंड केलं. मग पुन्हा सुरुवातीपासून लावलं.