बाहेरची कडी

कितिओनेनं बहिणीसाठी संडास बांधला, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आता वावाऊ बेटावर भावानं सख्ख्या बहिणीसमोर असल्या जागेचं नावसुद्धा काढायचं नसतं. दार कसं हवं, खिडकी केवढी, हे तिला विचारणार कसं? बायको असती तर तिनं विचारलं असतं, पण ती बिचारी केव्हाच देवाघरी गेलेली. मागच्या खेपेला ही बहीण, आनासेइनी, ऑकलंडहून आली आणि दोनच दिवसांत बॅग उचलून गेस्टहाऊसवर राहायला गेली. कारण कुणी बोललं नाही, पण कितिओनेला कळलं आणि जिव्हारी लागलं. यंदा लेकीच्या, लूपेच्या लग्नाला बहिणीनं माझ्याच घरी राहायचं, असा त्यानं चंग बांधला.

मग काय, बांधला आपल्या अकलेनं! दार आणलं कोनफळांच्या कोठाराचं, कारण लाकूड दणकट. डुकरं शिरू नयेत म्हणून त्याला बाहेरून कडी होती, दार आपटलं की आपोआप पडणारी. आतून काहीच नाही. कोनफळांना आतून कडी कशाला लागते? खिडकी ऐसपैस, आणि नेमकी चर्चच्या रस्त्याकडे. दिव्याचं बटण बाहेर, दाराशेजारी.

लग्नाच्या सकाळी लूपे मैत्रिणींबरोबर पुढं गेली. बापानं आत्याला घेऊन मागून यायचं ठरलं होतं. निघता निघता आनासेइनी जरा मागच्या अंगणात गेली. वारा आला, दार धाडकन आपटलं आणि कडी पडली.

आधी आतून खाकरण्याचा आवाज आला. मग दारावर दोन थापा.

कितिओने अंगणात खिळल्यासारखा उभा राहिला. पुढं व्हावं तर भाऊ बहिणीच्या संडासाच्या दाराशी! शी शी! शेजाऱ्यांना बोलवावं तर सगळे चर्चमध्ये. आणि न जावं तर नवरीची आत्या मानाच्या चटईवर बसल्याशिवाय इथं लग्न लागत नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आत्या कुठाय? पाद्री सारखे घड्याळ बघतायत!"

"निघालीय गं."

"निघालीय म्हणजे कुठवर आलीय?"

"दाराशीच आहे!" त्यानं फोन ठेवला.

रस्त्यानं उशीर झालेल्यांची एक गाडी गेली. खिडकीत आनासेइनीचं फुलांनी सजवलेलं डोकं दिसताच सगळ्यांनी अदबीनं मान लववली. तिनंही आतून लववली. काय करते बिचारी!

शेवटी कितिओने झाडाखाली लोळणाऱ्या डुकरिणीकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय गं बये, कोनफळांच्या कोठाराचं दार मी भलतीकडेच बसवलं बघ. माझी अक्कल चरायला गेली होती. आता मी लांब बांबू घेतो, डोळे मिटतो आणि कडी उचलतो. मग मी आपला घरापुढं जाऊन उभा राहतो."

आतून आवाज आला, "डुकरिणीला म्हणावं, लवकर आटप. आणि बांबू जपून, कुणाचा डोळा काढशील!"

पहिला फटका छपरावर बसला. दुसऱ्यानं दिवा लागला. तिसऱ्याला कडी उडाली, आणि कितिओने डोळे उघडायच्या आत पळत सुटला.

लग्न झोकात लागलं. आत्या सगळ्यांच्या पुढं, मानाच्या चटईवर. कितिओनेला मात्र जेवण गोड लागेना. घरी गेलो की व्हरांड्यात तिची बॅग भरलेली दिसणार, या विचारानं त्याचा जीव टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूपे एक पुडकं घेऊन आली. "आत्यानं दिलंय. काय ते मला सांगत नाही."

आत एक नवी कोरी कडी होती. खाली फुलाफुलांचं कापड, कडा दुमडून शिवलेलं. कितिओनेनं ते वितीनं मोजलं. खिडकीएवढंच भरलं.

"आणि बाबा, हे काय खूळ आहे? म्हणाली, डुकरिणीला निरोप सांग, मी आणखी महिनाभर इथंच राहणार आहे."

कितिओनेचे डोळे भरून आले. त्यानं आधी डुकरिणीला एक अख्खं कोनफळ घातलं आणि मग स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेला.