होडीला जागा

माणिकप्पांनी फळ्यांमधल्या फटीत खिळा घातला. काल गाव सोडताना त्याचं नुसतं टोक आत जात होतं, आज अर्धा खिळा गेला. त्यांनी तो खिशात टाकला, पोतं बादलीत बुडवलं आणि फटीवर दाबून धरलं. नांदेडच्या घाटावर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये वीस फुटी शिडाची होडी होती, आणि खाली गोदावरीत तिला बुडायलासुद्धा पाणी नव्हतं.

घाटावर आलेली माणसं स्नान विसरून ट्रकभोवती जमली होती. हे नाटकाचं सामान आहे का, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, कुठल्या तरी देवाचा रथ असेल. त्याने लगेच हातही जोडले.

"मामा, ट्रक आजच्या दिवसच हाय बरं का," वीरण्णा म्हणाला. "उद्या उदगीरला तूर भरायची हाय."

वीरण्णा माणिकप्पांच्या बायकोचा भाचा. आत्याच्या शब्दाखातर तो ट्रक घेऊन आला होता खरा, पण कालपासून त्याची कुरकुर चालू होती. त्यात त्याची काही चूक नव्हती. नातं कितीही जवळचं असलं तरी भर दुष्काळात होडी घेऊन फिरणाऱ्या माणसाबरोबर हसं करून घ्यायला कुणाला आवडतं?

माणिकप्पांच्या आयुष्यातली अठ्ठावीस वर्षं मुंबईत गेली. माझगावकडच्या एका कारखान्यात ते श्रीमंतांच्या शिडाच्या होड्या बांधत. बायको रत्नम्मा जळकोटच्या अलीकडे, सावरखेडला. वर्षातून दोनदा सुट्टी, कधी एकदाच. पुढे लातूर जिल्हा नवा झाला. इतक्या कचेऱ्यांना टेबलं-खुर्च्या लागतील, आता तरी ये, असं भावाने कळवलं आणि ते परत आले. टेबलं-खुर्च्या करून झाल्यावर त्यांनी अंगणातल्या लिंबाखाली स्वतःची होडी मांडली. मधे एक ठेंगणी खोली, खोलीत झोपायला दोन बाक. एक त्यांचा, एक रत्नम्माचा. दोघांनी तिच्यात बसायचं आणि गोदावरीतून जाता येईल तितकं खाली जायचं, जमलं तर समुद्रापर्यंत. रत्नम्माने समुद्र पाहिला नव्हता.

गावच्या तलावात होडी दोन पावसाळे तरंगली. यंदा तलावाच्या तळाला भेगा पडल्या. पाण्याची सवय झालेलं लाकूड उन्हात आक्रसतं. महिनाभर तसंच राहिलं की फळ्या वाकतात, खिळे सुटतात, मग तिला कुणी होडी म्हणत नाही, जळण म्हणतात. तो महिना भरायला आठ दिवस उरले होते. नांदेड एवढं मोठं शहर, एवढी मोठी नदी, तिथं एका होडीला जागा मिळेलच, या भरवशावर ते निघाले होते.

घाटावरून ते पाण्याच्या कचेरीत गेले. शहराच्या वरच्या अंगाला बंधाऱ्यामागे थोडं पाणी होतं. कचेरीतले साहेब तरुण होते, भले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"होडी कुठल्या जिल्ह्यातली?"

"लातूर, साहेब."

"मग लातूरचं पत्र आणा."

"तिथं गेलो होतो. ते म्हणाले, जिल्हा नवा हाय, होडीचं खातंच न्हाई आमच्याकडं. पाणी ज्याचं, त्यालाच इचारा."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. मग खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर आवारातल्या नळाखाली घागरींची रांग होती, आणि नळ कोरडा होता.

"काका, ते पाणी शहराला पंधरा दिवस पुरवायचंय मला. त्यावर मी शिडाची होडी सोडली तर लोक मला त्यातच बुडवतील."

 माणिकप्पा नमस्कार करून बाहेर आले. नळाजवळून जाताना हातातली बादली त्यांनी धोतराच्या सोग्याआड धरली. तिच्यात तळाशी पोतं भिजवायचं पाणी होतं.

दुपारी कुणीतरी डोहाचा पत्ता सांगितला. शहरापासून दोन कोसांवर नदीच्या वळणाला हिरवट पाण्याचं एक डबकं उरलं होतं, त्यालाच लोक अजून डोह म्हणत. काठावर ग्यानोबा भोई जाळं शिवत बसला होता. जाळ्यात काही सापडेल अशी आशा त्यालाही नव्हती. हाताला चाळा म्हणून तो शिवत होता. त्याने ट्रकवर चढून होडीवरून हात फिरवला, खोलीत डोकावला, बाकांवर थापटून पाहिलं.

"ब्येस काम हाय. कुणी केलं?"

"मीच."

"जागा देतो की. पण आठ दिसांत हितं चिखल हुईल. मग काय करताल?"

"तुमच्या होड्या कुठं हायेत?"

ग्यानोबाने पलीकडे बोट दाखवलं. ओल्या रेतीत दोन होड्या काठापर्यंत पुरलेल्या होत्या आणि त्यांच्यात पाणी भरलेलं होतं.

"पोटात पाणी भरून ठिवायचं. भाईरून न्हाई तर आतून. लाकडाला काय, वल भेटल्याशी मतलब."

हे माणिकप्पांना माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यातही वाळलेली होडी अशीच आतून भरून फुगवत. पण वीस फुटी होडीचं पोट भरायचं म्हणजे अर्धा टँकर. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ग्यानोबाने बिडी पेटवली.

"ही एवढी होडी कुणासाठी केली म्हणायची?"

"बायकोसाठी. समुद्र दावायचा हाय तिला."

"तिनं मागितला व्हता?"

प्रश्न साधा होता. माणिकप्पा ट्रकवर चढून पोतं परत फटीवर दाबू लागले. ग्यानोबाला घाई नव्हती, तो बिडी ओढत राहिला. शेवटी वीरण्णानेच भोंगा वाजवला.

परतीच्या रस्त्यावर माणिकप्पांना बहात्तर साल आठवत होतं. त्या वर्षी रत्नम्माने मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं. गावात पाणी नाही, मी खडी फोडायला जाते, तुम्ही या. हंगामाचं काम होतं, मुकादमाने सुट्टी दिली नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ती मागितलीही नाही. त्याऐवजी एक फोटो पाठवला. नव्या होडीवर ते उभे आहेत आणि मागे नजर पोचेल तिथवर पाणी. सुट्टीत घरी गेल्यावर कस्तुराबाई शेजारणीने हसत हसत सांगितलं होतं, तुमचा फोटो बघायला अख्खी गल्ली आली होती, तुम्हाला नाही, पाण्याला. तेव्हा तेही हसले होते. आज ट्रकमध्ये बसून त्यांना त्या हसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक सावरखेडच्या वेशीवर पोचला तेव्हा टँकर आलेला होता. गावची विहीर आता टँकरचं पाणी धरत नव्हती, सगळं भेगांत मुरून जाई. म्हणून ड्रायव्हर मोकळ्या जागेतच पाइप सोडायचा आणि घड्याळ बघत उभा राहायचा. त्यालाही अजून चार गावं करायची होती. पाइपाखाली पन्नास घागरी एकदम घुसत. निम्मं पाणी बायकांच्या डोक्यावर, निम्म्याचा चिखल, उरलेलं घरात. गेल्या आठवड्यात याच झोंबाझोंबीत रत्नम्मा पडली होती. तिच्या डाव्या मनगटाला अजून हळदीचं फडकं होतं.

ती गर्दीबाहेर उभी होती. रिकामी घागर कमरेवर. ट्रकमध्ये होडी तशीच परत आलेली तिने पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांत न विचारण्याची तिला सवय झाली होती.

मग ती ट्रकजवळ आली.

"अवो, हिच्यात किती पाणी मावंल?"

माणिकप्पा होडीवरचं पोतं सारखं करायला लागले.

"बोला की. किती मावंल?"

"अर्धा टँकर."

"गळंल का?"

"आधी गळंल. मग लाकूड फुगलं की थांबंल." ते ट्रकवरून खाली उतरले. "पर अगं, होडी भाईरचं पाणी सोसायला केलेली असती. आतून भार आला तर कुशी फुटतील. चहूकडून टेकू द्यावे लागतील. खोली काढावी लागंल, बाक काढावे लागतील."

"काढा मग."

"एकदा बायका हिच्यातनं पाणी भराया लागल्या, की गाव तिला परत हलवू देनार न्हाई."

"न्हाईच देनार," रत्नम्मा म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं माणिकप्पांना वाटलं. त्यांनी खिशातला खिळा चाचपला. मग वीरण्णाला पहार आणायला सांगितलं.

टँकरच्या ड्रायव्हरला गावाने हातापाया पडून तासभर थांबवलं. वीस-पंचवीस माणसांनी दोर लावून, ओंडक्यांवरून सरकवत होडी लिंबाखाली आणली. जिथं ती बांधली गेली होती त्याच जागी. माणिकप्पा आत उतरले. छप्पर निघालं, फळ्या निघाल्या. दोन्ही बाक त्यांनी कुणाला हात लावू न देता स्वतः सोडवले. एकेक खिळा सरळ निघेल असा, लाकडाला ओरखडाही न येऊ देता. ते ओसरीवर नेऊन ठेवले आणि मग टेकू ठोकायला घेतले. आठ इकडून, आठ तिकडून. मन नको नको म्हणत असताना हात मात्र नेहमीसारखे नेमके चालत होते.

पाइप आत सोडला. थोडं पाणी चढलं आणि प्रत्येक फटीतून होडी गळायला लागली. बघ्यांमधून हाय हाय झालं. ड्रायव्हर पाइप काढायला धावला.

"ऱ्हाऊ द्या," रत्नम्मा ओरडली. "कस्तुराबाई, घागरी आना गं! खालून लावा!"

मग जिथं धार तिथं घागर लागली. कुणी ढकललं नाही. इतक्या फटी होत्या की प्रत्येकीला एक धार मिळाली. कस्तुराबाईने कळशी फटीखाली ठेवली आणि मांडी घालून बसली. टँकर आल्यावर बसून पाणी भरायची तिची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या पाण्याला तेलाचा वास होता, ते जनावरांच्या डोणीत गेलं. माणिकप्पा होडीभोवती फिरत होते, कुशीला कान लावत होते. टेकू करकरले, पण बसले.

उन्हं कलली तशा धारा बारीक झाल्या. संध्याकाळच्या आत एकेक करून थांबल्या. माणिकप्पांनी खिळा काढला आणि कालच्याच फटीवर टेकवला. टोकही आत गेलं नाही. त्यांच्या हातून झालेल्या कामांत इतकी घट्ट होडी क्वचितच झाली असेल. इतकी वाया गेलेलीही नसेल, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. त्यांनी वाकून एका टेकूला उगाच दोन ठोके दिले.

लोक पांगले. होडीच्या नाकाला बांधायचा लांब दोर अंगणात पडला होता. माणिकप्पा तो गुंडाळायला वाकले, तर त्याचं टोक रत्नम्माच्या हातात होतं. तिने ते लिंबाच्या बुंध्याभोवती दोनदा फिरवलं आणि दुखऱ्या हाताने गाठ मारायला लागली. बैलाच्या दाव्याला मारतात तसली साधी गाठ. माणिकप्पांना होडी बांधायच्या बारा गाठी येत होत्या.

"अगं, ती आता कुठं जातीया?" ते म्हणाले. "पोटात एवढं पाणी हाय तिच्या."

"तिला न्हाई बांधत मी," रत्नम्मा म्हणाली.

तिने मान वर केली नाही. मनगट दुखत असल्यामुळे गाठ आवळली जात नव्हती.  माणिकप्पा खाली बसले आणि गाठीवर आपलं बोट धरलं, तिला आवळता यावी म्हणून.