तिलांजलीचा हात

गुरुजींनी तीळ पुढे केले आणि व्यंकोजीने त्यांच्यापुढे डावा हात पसरला.

“अण्णा, उजवा,” गुरुजी म्हणाले. “डावरे तुमचे धाकटे बंधू ना? त्यांनी तर बरोबर उजवाच केला.”

हेब्बाळच्या तळ्याजवळच्या शेडमध्ये आप्पाजींच्या दहाव्याला जमलेली पाच-सहा माणसं कसनुसं हसली. धाकटे बंधू म्हणजे त्रिविक्रम. देशाकडून नव्वद कसोटी सामने, वीस शतकं, सगळी डावखुरी. बॅट सोडली तर तो जेवायचा, लिहायचा उजव्याच हाताने; पण एवढं लक्षात कोण ठेवतो? आप्पाजींनी घडवलेला डावखुरा, हेच बंगळुरात ज्याच्या त्याच्या तोंडी. दहा दिवस लोक येऊन आप्पाजींच्या नावानं डोळे पुसत होते आणि हा हात जोडून ढिम्म बसलेला. जन्मदाता बाप गेला आणि आत काही म्हणता काही हलत नव्हतं. आता त्याला त्याचीच भीती वाटू लागली होती.

हसणं थांबलं तरी व्यंकोजीने हात मागे घेतला नाही. त्याने तो पालथा केला, बोटं जुळवली आणि मान खाली घालून तसाच धरून ठेवला. चिकपेटेत चाळीस वर्षं साड्यांचं दुकान चालवलेला, अडुसष्ट वर्षांचा माणूस. शाळकरी पोरासारखा बोटांवर पट्टी बसायची वाट बघत होता.

त्रिविक्रमने ते पाहिलं.

“गुरुजी, स्वल्प थांबा,” तो म्हणाला. “अण्णा, तू डावरा होतास?”

“होतो की. मुंजीच्या आत आप्पाजींनी सोडवलं. गिऱ्हाइकाच्या हातात डाव्या हातानं साडी ठेवणार काय, म्हणायचे.”

“आणि मला मात्र डाव्यानं खेळायला लावलं?”

“संघात डावरे लागतात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. तोवर मी दुकानात बसायला लागलो होतो.” व्यंकोजी साडीचा पोत सांगावा तसं सांगत होता. “तू पाच वर्षांचा. तुला वळवणं सोपं होतं.”

“मागच्या अंगणात मला शिकवायचास, ते?”

“दुपारी आप्पाजींचा डोळा लागला की.”

बॅट नव्हती, आईचं कपडे धुण्याचं धोपटणं होतं. अण्णा ते धरून उभा राहायचा, पुढचा पाय टाकायचा, कोपर वर काढायचा, आणि हा बघून बघून तसंच करायचा. पुढे त्याच फटक्याला समालोचक देवाची देणगी म्हणत आले. वीस वर्षं मुलाखती दिल्या, पण अण्णाचं नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, आणि याला सुचलंही नाही.

“मला वाटायचं,” त्रिविक्रम हळू बोलला, “मला नीट दिसावं म्हणून तू समोर उलटा, डावरा होऊन उभा राहतोस.”

व्यंकोजीने डावा हात मांडीखाली घेतला आणि उजवा पुढे केला. गुरुजींनी त्यात तीळ घातले, वरून पाणी सोडलं.

“नाही रे,” तो म्हणाला. “मी तेवढा वेळच सुलटा उभा राहायचो.”

गुरुजींनी पुढचा मंत्र सांगितला. दोनदा सांगितला. त्रिविक्रमला तो म्हणता आला नाही.