सुपारीसाठी मागे गेलेला माणूस

आमच्या बेटावरच्या इनाराहान गावात आडनाव फक्त कागदापुरतं. 'नापुती' अशी हाक मारली तर अर्धं इनाराहान वळून बघेल. म्हणून प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव असतं आणि ते एकदा चिकटलं की साबण लावूनही जात नाही. कुणाचे तरी पणजोबा घोरपडीला भिऊन रात्रभर नारळाच्या झाडावर बसले होते, तर त्यांची पतवंडं आजही 'घोरपड'. त्यातली एक बँकेत मॅनेजर झाली, तरी घोरपडच.

टुन किन यांचं घराणं 'सुपारी'; थोर माणसाच्या नावाआधी आम्ही 'टुन' लावतो. हे नाव पणजोबांकडून आलेलं नाही. ते त्यांच्या चुलतभावाने, म्हणजे टुन सिद्रोंनी, त्यांना मिळवून दिलं.

ती गोष्ट गावातल्या पोराटोरांना पाठ आहे. व्हिएतनामच्या लढाईत दोघे एकाच पलटणीत होते. सिद्रो बंदूकवाले, किन स्वयंपाकी. एक दिवस भाताच्या खाचरांत गोळीबार सुरू झाला, पलटण बंधाऱ्यामागे पळाली आणि सिद्रो मांडीत गोळी लागून चिखलात पडून राहिले. घरून आलेल्या सुपाऱ्या त्यांच्या पिशवीत असायच्या. किन परत फिरले ते त्या सुपाऱ्यांसाठी. फिएस्टा असो, बारसं असो, नाहीतर मयतीनंतरची जपमाळ, हातात बिअर आली की टुन सिद्रो उभे राहून सांगणार, "मी इकडे मरायला टेकलोय आणि हा मला विचारतो, सुपारी कुठाय? मी म्हटलं, पिशवीत. तर म्हणतो, मग पिशवीसकट चल!" लोक हसून लोळायचे. सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते स्वतः टुन किन.

गावच्या मेयरच्या ऑफिसात म्हाताऱ्यांचे अर्ज भरणं हे माझं काम. त्यामुळे टुन किन एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले, तेव्हा मला वाटलं डोळ्यांच्या ऑपरेशनचं काहीतरी असेल.

"नेनी," ते म्हणाले. नेनी म्हणजे बाळ. माझी पन्नाशी जवळ आली, पण इथले म्हातारे मला बाळच म्हणतात. "मला लढाईचं पदक पाहिजे."

"आत्ता? दुकान बंद झालं असेल हो ते."

"थट्टा नको. लष्कराच्या कागदावर लिहिलंय की त्या दिवशी मी तळावर होतो, स्वयंपाकघरात. मी तिथे नव्हतोच. जेवणाचे डबे घेऊन पुढे गेलो होतो. कुणा कारकुनाने मला चुलीपाशीच बसवून ठेवलंय. ते दुरुस्त करून घे."

मी नियम काढून वाचले. नोंद दुरुस्त करायची तर डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा, आणि त्याची शपथेवर लिहिलेली जबानी हवी. पलटणीतले बाकीचे कुणी वारले, कुणी समुद्रापार मेनलँडवर कुठे आहेत ते त्यांच्या बायकांनाही माहीत नाही. उरले टुन सिद्रो.

"मग काय अडलंय? चर्चच्या मागे तर राहतात."

टुन किन स्वतःच्या चपलांकडे बघत बसले. "तूच जा. मी मागितलं तर बरं दिसत नाही."

मी गेले. टुन सिद्रो डुकरांना खायला घालत होते. जबानी म्हटल्यावर त्यांना केवढा आनंद झाला! बादली उलटी करून तिच्यावर बसले आणि घसा खाकरला.

"लिही. मी, इसिद्रो नापुती, शपथेवर सांगतो की किन गोळीबारात परत आला तो सुपारीसाठी, आणि येता येता त्याने मलाही उचललं."

"टुन सिद्रो, हे लष्कराच्या दफ्तरात जाणार आहे. सुपारीला पदक देत नाहीत."

"मग शपथेवर खोटं बोलू?"

"आपण असं लिहू या, 'जखमी साथीदाराला वाचवण्यासाठी'."

"तू होतीस तिथे?"

"माझा जन्मही झाला नव्हता."

"मग सांगतो ते गप लिही."

लिहिलं. त्यांनी खाली भली मोठी सही ठोकली, आणि वर मला टोपलीभर वांगी दिली, कारण मी उन्हात चालत आले होते. असा माणूस.

दुसऱ्या दिवशी टुन किननी ती जबानी माझ्या टेबलाशी उभ्यानेच वाचली. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होते. ते हसले नाहीत.

"मारिसोल पुढच्या आठवड्यात फौजेत चाललीय," ते म्हणाले.

मला माहीत होतं. मारिसोल त्यांची नात. आमच्या बेटावर दर दोन घरांतून एक जण फौजेत जातो, पण ही त्यांच्या मांडीवर वाढलेली.

"परवा जेवायला माणसं होती. कुणीतरी तिला म्हणालं, सुपारीची नात तू, तिकडे गोळीबार झाला तर आधी पानसुपारी शोध. सगळे हसले. नंतर माझ्याबरोबर भांडी घासताना तिने विचारलं, आजोबा, खरंच सुपारीसाठी?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, साबण संपत आलाय."

मला टुन सिद्रोंचा असा राग आला! म्हटलं, "इतकी वर्षं गावभर तुमचं हसं केलं त्यांनी आणि तुम्ही..."

"सिद्रोला काही बोलू नकोस. ते मीच म्हणालो होतो." टुन किन खुर्चीत बसले. "खांद्यावर घेतला तर रडायला लागला. मला टाक, तू मरशील, हे मी कसं फेडू. सारखं तेच. वरून गोळ्या जातायत आणि हा फेडायच्या गोष्टी करतोय! म्हणून म्हटलं, गप रे, तुझ्यासाठी कोण आलंय? मी सुपारीसाठी आलोय. तेव्हा कुठे तोंड बंद झालं."

"मग हेच जाऊन सांगा की त्यांना."

"वेडी की काय तू? सिद्रोला ओळखत नाहीस? त्याला एक पपई दिली तर संध्याकाळी टोपलीभर मासे घेऊन दारात उभा राहतो. मी त्याच्यासाठी गेलो होतो असं म्हटलं तर काय घेऊन येईल बिचारा? या वयात झोप उडेल त्याची." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "राहू दे. फाडून टाक."

"आणि मारिसोल?"

"तिला कळेल मोठी झाल्यावर," ते म्हणाले आणि निघाले. कसं कळणार होतं? हवेतून? मला रडू आलं, आणि मला रडू आलं की पाठोपाठ संताप येतो. तो कागद मी फाडला नाही. तसाच हातात घेऊन सरळ चर्चच्या मागे गेले.

टुन सिद्रो कुंपणाची तार ओढत होते.

"टुन सिद्रो, एकच विचारते. त्या दिवशी पिशवीत सुपाऱ्या किती होत्या?"

तार त्यांच्या हातातून सुटली. मग ते हळूच म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय."

"एकही नव्हती. शेवटची आम्ही सकाळीच खाल्ली, किन जेवण घेऊन आला तेव्हा. अर्धी त्याने, अर्धी मी."

"म्हणजे पिशवी रिकामी आहे हे टुन किनना माहीत होतं?"

"त्यानेच तर कातरली ती सुपारी. माहीत नसायला काय झालं?"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की डुकरं मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. "आणि तरी प्रत्येक फिएस्टाला उठून तुम्ही..."

"मग काय सांगत फिरू? हा माझ्यासाठी आला म्हणून?" आता तेही ओरडले. "कुणी माझ्या घरच्या लग्नाला तांदळाची गोण आणली तर ती परत कशी करायची ते मला कळतं. हे कसं परत करू? त्याच्या चारही पोरांच्या लग्नात सगळ्यांत मोठं डुक्कर माझं होतं. विचार कुणालाही. तरी घरी येऊन आढ्याकडे बघत पडायचो. मग कधीतरी त्याचंच वाक्य लोकांना सांगितलं. लोक हसले, आणि मला बरं वाटलं. सुपारीसाठी आला म्हटलं की मी कुणाचं काही देणं लागत नाही." त्यांनी हाताचा चिखल विजारीला पुसला. "आणि तोही हसायचा ना. मला वाटलं, त्यालाही तसंच आवडतं."

मग मी त्यांना मारिसोलचं सांगितलं. भांडी, साबण, सगळं.

त्यांनी नळाखाली हात धुतले, चांगले कोपरापर्यंत. घरातून कोरा कागद आणला आणि मला जवळही येऊ दिलं नाही. बराच वेळ लिहिलं. शेवटी होतं ते एवढंच, "किन माझ्यासाठी आला. पिशवी रिकामी होती आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं."

अर्ज मेनलँडला गेला. तिकडच्या कुठल्या टेबलावर तो पडला आहे ते देव जाणे. मी अजून दर सोमवारी टपाल बघते. टुन किनना मी एवढंच सांगितलं की अर्ज पाठवला. त्यांनी विचारलं, "सुपारीसकट?" मी म्हटलं, "मला कामं आहेत, निघा."

मारिसोलच्या निरोपाला त्यांच्या अंगणात सगळं गाव होतं. लाल भात, भाजलेल्या फासळ्या, लिंबात मुरवलेली कोंबडी. जेवणं झाल्यावर ती थोरांच्या रांगेपुढून जायला लागली. आमच्यात थोरांचा हात हातात घेऊन वाकायचं आणि तो नाकाशी न्यायचा, मग ते आशीर्वाद देतात. तिने आजीचा, तान अम्पारोंचा हात नाकाशी नेला, मग आजोबांचा. टुन किननी तिच्या केसांवरून हात फिरवला, पण डोळ्यांत पाहिलं नाही.

आणि तिच्यामागे, पोरांच्या रांगेत, टुन सिद्रो लंगडत येत होते.

"अहो टुन सिद्रो, रांग चुकली!" कुणीतरी ओरडलं. "तुमची खुर्ची तिकडे!"

ते टुन किनपेक्षा वर्षभराने मोठे. मोठ्याने धाकट्याचा हात हुंगायचा, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी टुन किनचा हात धरला, वाकले आणि नाकाला लावला.

"डोकं फिरलं का तुझं? सोड!" टुन किन हात ओढायला लागले. "मोठा आहेस तू माझ्यापेक्षा! लोक बघतायत!"

"बघू देत." त्यांनी हात सोडला नाही. तसेच वाकलेले मारिसोलला म्हणाले, "पोरी, पिशवीत सुपारी नव्हती. एकसुद्धा नव्हती, आणि याला ते माहीत होतं. तुझा आजोबा माझ्यासाठी परत आला."

तान अम्पारो खुर्चीतून अर्ध्या उठल्या. टुन किननी माझ्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर दाराला कडी लावावी असं मला वाटलं. मग ते नातीकडे बघायला लागले, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत.

"हे फेडता नाही येत रे," टुन सिद्रो म्हणाले. "मी नाद सोडला."

"मागितलं होतं कुणी?" टुन किनचा आवाज फाटला.

टुन सिद्रोंनी तो हात पुन्हा नाकाशी नेला आणि चांगला लांब श्वास घेतला. "मेल्या, अजून सुपारीचाच वास येतोय."

मग जे हसू फुटलं ते शेजारच्या गावात ऐकू गेलं असेल. या वेळी सगळ्यांत मोठ्याने मारिसोल हसत होती, डोळे पुसत.

टुन किननी तळहात पुढे केला. "आहे का एखादी?"

टुन सिद्रोंनी खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि कातरली. अर्धी त्यांना दिली, अर्धी स्वतः खाल्ली.