गोठलेला मध

करडई काढून झाली आणि आठच दिवसांत धम्मशीलाच्या पेट्या हलक्या लागायला लागल्या. पोखर्णीजवळच्या शेताच्या बांधावर तिच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या. कडुनिंब फुलायला अजून अवकाश होता, तोवर माश्यांना खायला काही नव्हतं. चौथ्या पेटीचं झाकण काढलं तर तळाशी शे-दीडशे माश्या मरून पडलेल्या. राणीनं अंडी घालणं थांबवलं होतं.

“साखरेचं पाणी दे,” सासू कुसुमबाई म्हणाल्या.

“साखर कशाला, आत्या? ह्यांचाच मध घरात हाय की.”

करडईचा तो मध रवाळ तुपासारखा गोठला होता. त्यात साखर मिसळली असणार, असं म्हणून परभणीच्या एका दुकानदारानं डबा परत पाठवला होता.

“इकायचा मध माश्यांनाच चारायलीस? लोक हसतील.”

“हसू द्या. करडईचा मध गोठतोच, त्यात खोट न्हाई. माश्या जगल्या तर मध परत व्हईल.”

उन्हं कलल्यावर तिनं मधात थोडं कोमट पाणी कालवलं. गोठलेल्या मधाचा नुसता रवा माश्यांना चाटता येत नाही. उथळ ताटल्यांत मध ओतून वर काड्या टाकल्या, म्हणजे माश्या बुडणार नाहीत, आणि प्रत्येक पेटीत झाकणाखाली एकेक ताटली ठेवली.

सकाळी कुसुमबाई शेतातून परत आल्या. “चौथीवर लय भांडण लागलंय.”

धम्मशीला गेली. ताटली ठेवताना पेटीच्या दाराशी मध सांडला होता आणि त्या वासानं बाकीच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला आल्या होत्या. चूक तिचीच होती. तिनं ओल्या फडक्यानं दार पुसलं, एकच माशी जाईल एवढी फट ठेवून बाकीचं गवतानं बुजवलं आणि पेटीवर ओलं पोतं टाकलं. दुपारपर्यंत ती तिथंच बसून राहिली. आतल्या माश्यांनी दार राखलं. लुटारू एकेक करून निघून गेल्या.

पाचव्या दिवशी ताटल्या कोरड्या होत्या. आणखी आठवड्यानं पोळ्यात नवी अंडी दिसली. मग बांधावरचा कडुनिंब फुलला.

शेजारच्या तानुबाईनं बांधावर येऊन कुसुमबाईंना विचारलं, “माश्यांना मध घातला म्हणं सुनेनं?”

“घातला की. त्यांचाच व्हता,” कुसुमबाई म्हणाल्या. आजवर त्या पेट्यांपासून दहा हात लांब उभ्या राहत. आता त्यांनी पुढं होऊन झाकण उचललं आणि तानुबाईला म्हणाल्या, “ये, बघ. काई करत न्हाईत.”